शंभरावं मेंढरू : चर्चमधल्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरचा एक चित्रपाठ



आजचा पाठ शाळेतला नाही, रविवारच्या चर्चमधला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्यापैकी बरेच जण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. संविधानाच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून ही गोष्ट चर्चच्या रविवारच्या वर्गातच शोभते. पद्धत मात्र तुम्ही कुठेही वापरा, पंचतंत्रालाही चालेल.

गोष्ट लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातली. एका माणसाची 100 मेंढरं असतात. त्यातलं एक हरवतं. तो 99 मेंढरं रानात ठेवून त्या एकाला शोधत जातो, सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. एवढीच गोष्ट. सांगायला दोन मिनिटं लागतात. मुलं "हं" म्हणतात आणि विसरतात. कारण 100 हा आकडा कानावरून जातो, डोळ्यांसमोर येत नाही.

इथे कॉम्प्युटर कामाला येतो. साधं पेंट पुरे, इंटरनेटची गरज नाही. मुलाला एकच मेंढरू काढायला सांगा. माऊसने काढलेलं वेडंवाकडंच येणार, येऊ द्या. रेघ कुठे उघडी राहिली असेल तर रंगाची बादली ओतल्यावर सगळा कागद रंगून जातो. मुलं खिदळतात, मग कंट्रोल आणि झेड दाबून मागे येतात आणि फट स्वतःच शोधतात. ही फट तुम्ही दाखवू नका.

मेंढराचा रंग कोणता, यावर थोडं थांबा. बहुतेक मुलं पुस्तकातलं पांढरंशुभ्र, कापसासारखं मेंढरू काढतात. आपल्या डोंगरकड्याच्या शिवारात धनगरांचे कळप येतात ते कसे असतात? दख्खनी मेंढरं, बरीचशी काळी. त्यांच्या लोकरीची घोंगडी घरोघरी असते. रानात मेंढरं बसवली की खत मिळतं, हे आपल्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. मग चित्रातला मेंढपाळ परदेशी झगा घातलेलाच का? खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री मेंढरं कोंडायला वाघूर, असं चित्र आपल्या मुलाला जास्त जवळचं वाटेल.

यात नवीन काही नाही बरं का. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओव्यांमध्ये बांधली. ते 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, सुमारे 11,000 ओव्यांचं. ऐकणाऱ्यांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी पुराणच लिहिलं. चित्रात हेच काम गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी केलं. ते शांतिनिकेतनात शिकले, पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. काहींना ती रुचली नाही. त्यांची चित्रं मुलांना मोबाईलवर जरूर दाखवा आणि मग विचारा, "तुमचा मेंढपाळ कसा दिसतो?"

आता 100 कसे करायचे? मेंढरू सिलेक्ट करा, कंट्रोल दाबून ओढा, दुसरं तयार. (सिलेक्शन ट्रान्स्परंट करून घ्या, नाहीतर एकाचा पांढरा चौकोन दुसऱ्याचं डोकं झाकतो.) सुरुवातीला मुलं एकेक ओढत बसतात. थोड्या वेळानं एखादी चुणचुणीत पोर म्हणते, "मॅडम, दोन्ही एकदम घेतली तर?" मग 2, 4, 8, 16, 32, 64 आणि शेवटी 36 उचलून 100. सात वेळा ओढलं की कळप उभा राहतो. दुपटीचं गणित फुकटात होतं, पण त्यावर फार रेंगाळू नका, आपला पाठ गणिताचा नाही.

कळप भरला की एक मेंढरू खोडा आणि विचारा, "काही फरक पडला का?" पडत नाही. 99 आणि 100 डोळ्यांना सारखेच दिसतात. माझ्या मते गोष्टीचा गाभा इथेच आहे, आणि तो सांगून नाही, बघूनच कळतो. पुढचा प्रश्न : "कॉपी करून एक परत ठेवलं तर चालेल का?" इथे वर्गात दोन तट पडतात. "चालेल की, सगळी सारखीच आहेत" म्हणणारे असतात, आणि "पण ते ते नाही ना!" म्हणणारेही. निकाल देऊ नका. ज्याच्या घरी शेळ्या आहेत त्याला बोलू द्या. त्याच्या शेळ्यांना नावं असतात.

मग हरवलेलं मेंढरू प्रत्येकानं वेगळ्या पानावर पुन्हा हातानं काढायचं, कॉपी न करता. कुठे अडकलं असेल? बाभळीच्या काट्यात, कॅनॉलमध्ये, केळीच्या बागेत. इथे मुलांची चित्रं एकदम वेगवेगळी होतात.

एक प्रश्न हमखास येतो : "99 तशीच सोडली आणि लांडगा आला तर?" घाईनं उत्तर देऊन मोकळं होऊ नका. पाळकांनाही आधी सांगून ठेवा की हा प्रश्न येणार. प्रश्न खरा आहे. ही गोष्ट ज्यांना सांगितली तेही कुरकुरत होते : हा जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर का जेवतो म्हणून. म्हणजे 99 मधल्यांची तक्रार गोष्टीच्या आधीपासूनच आहे. मोठ्या मुलांशी हे बोलता येतं, लहानांशी नको.

लॅपटॉप बहुधा एकच असतो आणि मुलं दहा-पंधरा. धीट मुलं माऊस सोडत नाहीत, कोपऱ्यातलं लेकरू लांबून बघत राहतं. म्हणून पहिलं मेंढरू त्याच्याच हातून काढून घ्या. पुढे कळपातली सगळी मेंढरं त्याच्या मेंढरासारखी दिसतात, हे बाकीच्यांनाही कळतं. वाट बघणाऱ्यांना कागद-खडू द्या.

फाईल सेव्ह करताना प्रत्येकाचं नाव मराठीत टाका. लॅपटॉप मिळालाच नाही तर बटाट्याचा ठसा करून शंभर मेंढरं छापता येतात. फक्त शंभरावं हातानं काढायला लावा.