पात्याएवढं कापड

आई गेल्यावर तिच्या चार सुती साड्या माझ्या वाट्याला आल्या. पुण्याहून शिकागोला परतताना बॅगेत त्याच होत्या, बाकी फारसं काही नव्हतं. त्यांचं क्विल्ट शिवायचं हे विमानातच ठरलं. घरी डाय कटर होता, तीन वर्षांचा हातही बसला होता. पण पहिली साडी टेबलावर पसरली आणि हात पुढे जाईना. यंत्राशेजारची टोपली कतरणींनी काठोकाठ भरलेली होती. दुकानातलं कापड कमी पडलं तर वाराला बारा-तेरा डॉलर मोजून आणखी आणता येतं. आईची साडी कुठून आणणार?

साडी घडी करून ठेवली, टोपली जमिनीवर उलटी केली आणि एकेक कतरण उचलून पाहत बसले. पुढचे बोल त्या दुपारपासून सुरू झालेले आहेत.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डाय म्हणजे एक जाड पाटी. तिच्यात हव्या त्या आकाराची पोलादी पाती उभी रोवलेली असतात आणि ती झाकली जातील असा फोम वर चिकटवलेला असतो. पाटीवर कापड, कापडावर प्लास्टिकची मॅट ठेवायची आणि हँडल फिरवून हे सगळं दोन रुळांमधून पलीकडे काढायचं. फोम दबतो, पाती वर येतात आणि सुती कापडाचे सहा पदर एका दमात कापले जातात. शिवणीची पाव इंच माया आकारातच धरलेली असते. माप नेमकं येतं, मनगट दुखत नाही. पण पात्याबाहेर जे राहील त्याची कतरण होते, आणि ती सहा पदरांची होते.

१. कापड पाटीच्या मापाचं घेऊ नका, पात्याच्या मापाचं घ्या.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. साडेचार इंची चौकोनाचा डाय सहा इंची पाटीवर येतो. पाटी झाकली जाईल असा सहा इंची तुकडा मी बिनदिक्कत घ्यायचे. त्यातला चौकोन २०.२५ चौरस इंचांचा, तुकडा ३६ चौरस इंचांचा. म्हणजे १०० तला ४४ भाग टोपलीत. पात्याच्या चारही बाजूंना फक्त पाव इंच जास्त ठेवलं, म्हणजे पाच इंची तुकडा घेतला, तर वाया जाणारा भाग १९ वर येतो.

टक्क्यांपेक्षा वारांत मोजलं की जास्त लागतं. क्विल्टचं कापड साधारण ४२ इंच पन्ह्याचं धरतात. मला १२० चौकोन हवे होते. सहा इंची पट्टीतून सात निघतात, म्हणजे १८ पट्ट्या, पूर्ण तीन वार. पाच इंची पट्टीतून आठ निघतात, म्हणजे १५ पट्ट्या, दोन वार आणि तीन इंच. तेच चौकोन, तोच डाय, आणि जवळजवळ एक वाराचा फरक.

आमच्याकडे शिवणाऱ्या बायका ‘कापणं’ आणि ‘बेतणं’ हे दोन वेगळे शब्द वापरायच्या. यंत्र कापतं, बेतत नाही. ते आपणच करायचं असतं.

२. पाती कुठे आहेत ते फोमवर लिहून ठेवा.

बऱ्याच डायमध्ये आकार पाटीच्या कडेला समांतर नसतो, किंचित तिरका बसवलेला असतो. पातं रुळाला समांतर असेल तर रुळाचा सगळा दाब एकदम त्याच्यावर येतो, हँडल अडतं. तिरकं असलं की ते टोकापासून हळूहळू कापत जातं. मला हे ठाऊक नव्हतं. मी कापड पाटीच्या कडेला जुळवायचे, कोपरा बाहेर राहायचा आणि सहाच्या सहा पदरांचा एकेक कान तुटका यायचा. तो कोपरा वाचवायला मग मी कापड आणखी मोठं घ्यायला लागले.

आता नवा डाय आला की पहिल्यांदा न पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनने फोमवर पात्यांच्या रेघा ओढते. त्यांच्या बाहेर पाव इंचावर दुसरी, तुटक रेघ. शाई पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर पांढऱ्या कापडावर उतरते. कापड तुटक रेघेला लावलं की अंदाज करावा लागत नाही. एका पाटीवर चार-पाच आकार असतील आणि मला दोनच हवे असतील, तर त्या दोनांवरच कापड ठेवते. बाकीची पाती मोकळी फिरली तरी काही बिघडत नाही.

३. साध्या चौकोनासाठी पट्टीचा डाय वापरा.

पट्टीच्या डायमध्ये शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये एकच पातं असतं. दोन्ही पट्ट्या त्याच कापावर सुटतात, मधे काहीच वाया जात नाही. अडीच इंची पट्ट्या कापायच्या, मग त्याच डायवर आडव्या ठेवून पुन्हा फिरवायच्या. अडीच इंची चौकोन एकाला एक लागून निघतात. पट्टीचा डाय नसेल तर रोटरी कटर आणि पट्टी घ्या, त्यात कमीपणा नाही. वरचे १२० चौकोन असे कापले असते तर साडेचार इंचाच्या एका पट्टीतून नऊ निघाले असते, १४ पट्ट्यांत काम झालं असतं, म्हणजे पावणेदोन वारांत. मी तीन वार घातले होते.

आकाराचा डाय मी आता त्रिकोण, पाकळ्या आणि गोलाईसाठी राखून ठेवते. तिथे त्याला तोड नाही. दोन रंगांचे त्रिकोण जोडायचे असतील तर दोन्ही कापडं सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकदमच कापावीत. जोड्या लागूनच बाहेर येतात, त्या तशाच मशिनखाली घालायच्या.

४. उभा धागा रुळांच्या दिशेने जाऊ द्या.

रूळ कापड ओढतात. आडव्या धाग्यात ताण जास्त असतो. त्या दिशेने कापड घातलं तर ते ओढलेल्या अवस्थेत कापलं जातं आणि सुटल्यावर आखडतं. चौकोन एका बाजूने बारीकसा आखूड येतो. एकटा असताना दिसत नाही, बारा जोडले की ओळ जुळत नाही. अशी कतरण टोपलीत जात नाही, कपाटात साठून राहते, आणि तीही नासाडीच. किनार असेल तर उभा धागा तिला समांतर असतो. नसेल तर तुकडा दोन्हीकडे ओढून पाहा, कमी ताणला जातो तो उभा. साडीत हे सोपं आहे, काठच सांगतो.

५. नागमोडी घडी घालताना बाजूंचा विचार करा.

लांब पट्टीची नागमोडी घडी घालून सहा पदर करणं सोयीचं असतं. पण त्यात एक पदर सुलट, एक उलट येतो. चौकोनाला, समभुज हिऱ्याला चालतं. मी एकदा २४ समांतरभुज तुकडे असे कापले. १२ एका दिशेला झुकलेले निघाले, १२ दुसऱ्या. मला सगळे एकाच दिशेचे हवे होते आणि ते छापील कापड दुकानातही संपलेलं होतं. अशा आकाराला पट्टीचे तुकडे करून सगळे सुलट एकावर एक रचावेत. दोन्ही बाजू सारख्या दिसणारं विणीतल्या चौकडीचं कापड असेल तर ही काळजी नाही.

६. न मिळणारं कापड सगळ्यात शेवटी यंत्राखाली घाला.

साड्यांकडे परत येते. आईची निळी साडी मधोमध विरली होती. खिडकीसमोर धरली तर धाग्यांमधून पलीकडचं झाड दिसायचं. जुनं सुती कापड मऊ असतं, घसरतं, फोमवर सुरकुततं. आधी धुतलं, मग खळ घालून इस्त्री केली. कागदासारखं कडक झालं तेव्हाच पट्ट्या काढल्या. विरलेल्या भागाभोवती खडूने रेघ आखली आणि तो भाग बाजूला ठेवला. त्या भागाचा आकार नीट कापला गेला असता, पण शिवण धरली नसती. त्याआधी सगळे आकार एका जुन्या चादरीतून कापून दोन ब्लॉक शिवून पाहिले. त्यात पूर्ण शनिवार गेला. पण साडीतला एकही तुकडा चुकला नाही.

७. मॅट दर वेळी पालटा.

एकाच बाजूने वापरलेल्या मॅटला चर पडतो आणि मॅटला लागलेला वरचा पदर तिथे अर्धवट कापला जातो. फोममध्ये अडकलेले धागे टाचणीने काढावेत. एखाद्या कोपऱ्यात पातं बोथट झालं असेल तर आधी एका पदरावर पाहावं, सहावर नाही.

८. उरलेलं कापड डायच्या मापाने साठवा.

‘चिंध्या’ म्हणून एक पिशवी भरून ठेवली की ती कधीच उघडली जात नाही. माझ्याकडे आता तीन खण आहेत: पाच इंची, तीन इंची आणि पट्ट्या. कतरण हातात आली की लगेच त्या मापाची करून खणात. काही कापायचं असलं की आधी खण उघडते, थानाला नंतर हात लावते. यातही न बसणारी बारीक कतरण जनावरांच्या निवाऱ्यासाठी शिवलेल्या गाद्यांत भरते.

उरलेल्या तुकड्यांवरून जीज बेंड आठवतं. अलाबामातल्या या वस्तीतल्या बायकांची क्विल्टं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागली. त्यांतली काही कॉर्डुरॉयची आहेत. १९६६ मध्ये त्या भागात सुरू झालेल्या फ्रीडम क्विल्टिंग बी या सहकारी संस्थेला १९७२ मध्ये सिअर्स या कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं होतं. कापून उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्या तुकड्यांनीच क्विल्टचे आकार ठरवले. माझी आजी गोधडीला लुगड्याचे तुकडे असेच लावायची, तुकडा असेल तसा. डाय आकार आधी ठरवतो, म्हणून मला हे खण लागतात.

आईच्या साड्यांचं क्विल्ट मार्चमध्ये गोट सोडून पूर्ण झालं. निळ्या साडीचा विरलेला भाग मी कापला नाही. तो आतल्या थरात, कापसावर सपाट पसरला आणि धावदोऱ्याने धरून ठेवला. काठ तेवढा राहिला आहे, दीड इंच रुंद, साडीच्या पूर्ण लांबीचा. तो गोट म्हणून क्विल्टच्या कडेला हाताने लावते आहे. दोन बाजू झाल्या आहेत.