रिंगणाचा अश्व आणि आपला भाव

केम म्हटले की कुंकू आठवते. आषाढीला पंढरीची वाट धरताना आम्ही केमकर कुंकवाची पुडी कनवटीला बांधतोच. ती पुडी कुठे उधळावी आणि कुठे उधळू नये, एवढाच आजचा पाठ.

माउलींच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचा हा मान. अंकलीहून आळंदीपर्यंत हे अश्व पायीच येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, त्यावर माउली बसतात हा आपला भाव. बाजीरावाच्या विहिरीजवळ रिंगण झाले, की टापांखालची माती कपाळी लावायला आपण धाव घेतो. भाव खरा आहे. पण त्या मुक्या जिवाचे काय होते, तेही पाहू या.

घोडा नाकानेच श्वास घेतो. माणसासारखा तोंडाने त्याला घेता येत नाही. धापा टाकणाऱ्या अश्वावर बुक्का-कुंकू उधळले, तर ते थेट नाकपुड्यांत आणि डोळ्यांत जाते. घोड्याला ओकताही येत नाही. भलतेसलते पोटात गेले की पोटशूळ उठतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून पेढा, गूळ, पोळी त्याच्या तोंडाशी नेऊ नये. धावल्यावर त्याला मोकळी हवा, पाणी आणि सावकाश चालणे लागते. आपण मात्र गराडा घालतो! मागून अचानक हात लावला अन् दचकून त्याने लाथ झाडली, तर दोष कोणाचा?

सन २०१८ मध्ये माउलींच्या सोहळ्यातील हिरा अश्वाने पुण्यात देह ठेवला, तेव्हा वारकरी हळहळले. हळहळ मागाहून येते; दया आधी यावी.

खेळाच्या जगालाही हे शिकावे लागले. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बिथरलेल्या घोड्याला एका प्रशिक्षिकेने बुक्की मारली. जगभर संताप झाला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या पंचक्रीडेतून घोडेस्वारीच काढून टाकली. आपल्याकडेही जनावराला नाहक यातना देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याला भूतदया कायद्याने का शिकवावी लागावी?

तेव्हा मंडळी, यंदा एक नेम करू. अश्वाला दुरूनच हात जोडू, वाट मोकळी ठेवू, पोरांना आवरू. कुंकू आपल्या कपाळी लावू. अश्वाच्या अंगावर उधळणार नाही. माती कपाळी लावायची, तर अश्व पुढे गेल्यावर लावू. माउलींना तेवढी सेवा पोचेल.