गाणारी चित्रे

हाताने काढलेली चित्रे पडद्यावर हालतात, धावतात, हसतात, याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु ती चित्रे गाऊ लागली, म्हणजे त्यांचे गाणे आपण कितीसे ऐकतो? डोळे इतके गुंतलेले असतात, की कानांकडे लक्षच जात नाही. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट आणि सात बुटके' हा ८३ मिनिटांचा चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविण्यात आला. त्याची कथा ग्रिम बंधूंच्या संग्रहातील. मत्सरी राणी, वनात पळालेली राजकन्या, विषारी सफरचंद, हे सारे तुम्हांस ठाऊकच असेल. आपणांस येथे त्या चित्रपटाचे संगीत ऐकावयाचे आहे.

गाण्यांच्या चाली फ्रँक चर्चिल यांच्या, शब्द लॅरी मोरी यांचे. पार्श्वसंगीतात ली हार्लीन व पॉल स्मिथ यांचाही वाटा होता. अशा चित्रपटात आवाज व गाणी आधी मुद्रित होतात आणि चित्रे मागाहून काढली जातात. पडद्यावर दर सेकंदास २४ चित्रे सरकतात. तेव्हा लय मिनिटास १२० ठोक्यांची असेल, तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्यास १२ चित्रे येतात. खाणीत बुटक्यांची कुदळ ठेक्यावर पडते ती या हिशेबाने, योगायोगाने नव्हे. मात्र प्रत्येक पावलाला एकेक सूर जोडण्याची हौस फार झाली, तर कान विटतात. या चित्रपटात ती हौस बेताचीच आहे.

गाणी रचली गेली सुमारे २५. चित्रपटात राहिली ८. बुटके सूप भुरकतात तो प्रसंग तर गाण्यासह रेखाटून झालेला होता. तरीही तो गाळण्यात आला, कारण त्यामुळे कथा अडून राहत होती. रचलेले गाणे टाकून देणे हे रचण्याहून अवघड काम होय!

आता कोण गातो आणि कोण गात नाही, हे ध्यानात घेऊन ऐका. स्नो व्हाइट विहिरीशी गाते, तेव्हा विहीर तिला प्रतिध्वनीने साथ देते. आणि अचानक त्या सुरांत एक परका, पुरुषाचा आवाज मिसळतो. राजपुत्राची ओळख आपणांस अशी कानांवाटे होते. वनातील पलायनाच्या प्रसंगी गाणे मुळीच नाही. केवळ वाद्यवृंद उसळत राहतो, आणि अंधारातील ते भयंकर डोळे हरिणांचे व सशांचे आहेत हे कळताच सूर निवळतात. पुढे बुटके भेटतात. त्यांतला अखंड कुरकुरणारा ग्रंपी, सारे हात धुताना गात असता बाजूस बसून टोमणे मारतो. पण रात्रीच्या मेजवानीत ऑर्गन वाजवतो कोण? तोच! या मुलीविषयी आपणांस माया वाटते, हे त्याच्या तोंडून निघण्यापूर्वी त्याची बोटे सांगून जातात. मुका डोपी ढोल बडवतो. त्याला दुसरी भाषाच नाही.

आणि राणी? राणीला एकही गाणे दिलेले नाही. ती आज्ञा करते, मंत्र पुटपुटते, विकट हसते; परंतु गात नाही. सबंध चित्रपटात मला सर्वांत बोलकी वाटते ती ही उणीव.

स्नो व्हाइटचा आवाज ॲड्रिआना कॅसेलोटी या तरुण गायिकेचा. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. लोकांनी चित्र पाहिले आणि आवाज चित्राचाच मानला. १९३८ साली या चित्रपटातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका विक्रीस निघाल्या. चित्रपटाच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा असा संच निघण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. त्या तबकड्यांवर पाहावयास काहीच नव्हते. होता तो हाच आवाज.

शेवटी स्नो व्हाइट निश्चेष्ट पडते. ऑर्गनसारखे संथ, गंभीर सूर उठतात आणि ग्रंपी तोंड फिरवून रडतो. त्यानंतर राजपुत्र येतो, तो पहिल्या भेटीतले गाणे गातच. विहिरीजवळचा तो आवाज ज्याने नीट ऐकला असेल, त्याला आलेला हा कोण, हे निराळे सांगावे लागत नाही.