खुशी देणारी संख्या

पाचोऱ्याच्या बाजारात केळी डझनावर मिळतात. डझनाला उर्दूत 'दर्जन' म्हणतात. तुम्ही २१ केळी घेतली, तर ती 'एक डझन नऊ' होतात. केळी तेवढीच, मोजण्याची रीत निराळी. एका रीतीत दहा-दहाचे गट, तर दुसरीत बारा-बाराचे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी काही संख्यांना 'हर्षद' हे नाव दिले. हर्षद म्हणजे खुशी देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. २१ पाहा. २ + १ = ३ आणि २१ ÷ ३ = ७. म्हणून २१ हर्षद आहे.

आता डझनाची रीत घ्या. एक डझन नऊ, म्हणून १ + ९ = १०. २१ ला १० ने पूर्ण भाग जात नाही. खुशी गेली!

मग २२ घ्या. २ + २ = ४; २२ ला ४ ने पूर्ण भाग जात नाही. पण २२ म्हणजे एक डझन दहा. बाराच्या रीतीत दहा आणि अकरा हेही एकेकच अंक मानतात. म्हणून १ + १० = ११ आणि २२ ÷ ११ = २. इथे २२ हर्षद झाली!

असे का? हर्षद हा गुण संख्या कोणत्या रीतीने लिहिली यावर अवलंबून असतो. सम-विषमाचे तसे नाही. २२ केळी कशीही मोजा, दोघांत सारखीच वाटली जातील.

आता सांगा, ३३ केळी कोणत्या रीतीने हर्षद ठरतील?