लोकसंख्या आणि गावाचा रस्ता

रायपूर-धमतरी हा नॅरोगेज लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. धान्य आणि लाकूड यांची वाहतूक हे त्याचे मोठे काम. स्थानकाजवळच्या गावांची त्यामुळे सोय झाली. २५ डिसेंबर २००० रोजी आरंभ झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने मात्र रस्त्यासाठी लोकसंख्या हाच निकष मानला : मैदानी प्रदेशात किमान ५००, डोंगराळ व आदिवासी भागांत २५०.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा निकष महसुली गावाला नव्हे, तर वस्तीला लागू होतो. परस्परांपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरतात. छत्तीसगढमधील गावे मात्र बहुधा निरनिराळ्या ‘पाऱ्यां’त विभागलेली असतात. समजा, मैदानातील एका गावाची लोकसंख्या ६०० आहे. परंतु ४०० आणि २०० वस्तीचे त्याचे दोन पारे एकमेकांपासून एक किलोमीटर दूर आहेत. अशा वेळी गाव जनगणनेत पुरेसे मोठे दिसते, तरीही त्यातील एकही पारा निकषात बसत नाही. पावसाळ्यात रुग्णाला चिखलातूनच न्यावे लागते.

तात्पर्य, गावाची लोकसंख्या किती, एवढेच पाहून भागत नाही. ती कशी विखुरलेली आहे, हेही पाहावे लागते.