आख्यान आणि संबळ

लग्नानंतर घरी गोंधळ घालण्याची चाल आमच्या बीड जिल्ह्यात आहे. चौक मांडतात, दिवटी पेटते, देवीला आवाहन होते आणि रात्र चढल्यावर आख्यान लागते. कथा ठाऊक असते; शब्द मात्र मुख्य गोंधळी जागेवरच जुळवतो. साथीदार मधूनच भोळेपणाने प्रश्न विचारतो आणि कथा त्या उत्तराच्या वाटेने वळते. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचेही थोडेसे असेच : टेबलाभोवती बसून एकाने प्रसंग सांगायचा, इतरांनी पात्रे होऊन तो पुढे न्यायचा. तिथे वातावरणासाठी पुष्कळदा मुद्रित संगीत लावतात.

आमच्याकडे माणूस वाजवतो. माझे आजोबा संबळ वाजवीत. (कॉलेजात हे मी प्रथमच सांगत आहे.) संबळाची दोन भांडी, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा चढा. आजोबांची नजर काड्यांवर नसे, सांगणाऱ्याच्या ओठांवर असे. जांभूळ आख्यानात द्रौपदी मनातले कर्णाचे नाव कबूल करते. त्याआधी लय चढत जाई आणि नेमक्या त्या शब्दाला संबळ थांबे. मागे नुसते तुणतुणे. बायकांचे पदर डोळ्यांना लागत.

आता आजोबांचा हात कापतो. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात मोबाईलवरचा संबळ लावला. सांगणारा कर्णाच्या नावापाशी थांबला, संबळ वाजतच राहिला. त्याने घाईने पुढची ओळ घेतली. अर्ध्या तासात आख्यान आटोपले.

आजोबा भिंतीशी बसून मांडीवर बोटे वाजवीत होते. त्या नावापाशी त्यांची बोटे थांबली होती.