साभार परत, पण का?

गेल्या वर्षी मी आपल्या वार्षिकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात होतो. आलेल्या साहित्याची निवड करण्याचे काम आम्हा चौघांकडे होते. अंक हाती पडल्यावर प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठले. "दादा, माझी कविता का घेतली नाही?" मी म्हणालो, "जागा नव्हती." तो म्हणाला, "मग बाकीच्यांना कशी मिळाली?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधातून लिहिला आहे.

दुसऱ्याचे लेखन निवडणे, ते पुढे किंवा मागे लावणे आणि वेळप्रसंगी नाकारणे, हा एक अधिकार आहे. तो कोणाकडे तरी असावाच लागतो. कारण पाने मोजकी असतात आणि वाचकाचा वेळही मोजकाच असतो. प्रश्न एवढाच, की हा अधिकार वापरणाऱ्याने आपली कसोटी उघड करावी की नाही? आपल्याच परिसरातल्या दोन माणसांच्या चरित्रात या प्रश्नावर प्रकाश टाकणाऱ्या गोष्टी सापडतात.

पहिले गोपाळ गणेश आगरकर. ज्या टेंभूच्या योजनेचे पाणी आज आपल्या खानापूर तालुक्यात येते, त्या कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली त्यांचा जन्म झाला. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, तेव्हा आगरकर त्याचे संपादक होते. परंतु पत्र एकट्याचे नव्हते. सामाजिक सुधारणेविषयीची त्यांची मते सहकाऱ्यांना मानवत नव्हती. मतभेद वाढत गेले. १८८७ साली आगरकरांनी संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मतभेद कशावरून आहेत हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते आणि वाचकांनाही ते पुढे कळत गेले. आगरकरांना कारण माहीत होते, म्हणूनच त्यांना वाद घालता आला.

दुसरे राजा ढाले. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या नांद्रे गावचा. साठोत्तरी काळात मुंबईतील 'सत्यकथा' हे मराठीतले अत्यंत प्रतिष्ठित मासिक होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची संपादनातील साक्षेपी वृत्ती सर्वश्रुत आहे. लेखकाला पत्रे लिहून ते कथेच्या दुरुस्तीची चर्चा करीत. असे असूनही लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांना वाटे, की ही अभिरुची एका वर्तुळाची आहे आणि तिच्या बाहेरच्या जगण्याला तेथे प्रवेश नाही. १९६९ मध्ये ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळून निषेध केला. या कृतीविषयी मतभेद असू शकतील. परंतु निषेध कोणाचा करायचा, हे त्यांना ठाऊक होते. मासिकाला कार्यालय होते, संपादकांना नाव होते. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली. तिच्यावरचा वाद मात्र आजही वर्गात शिकवला जातो.

आता आपल्या हातातल्या मोबाईलकडे वळू. तेथेही लेखनाची निवड होतच असते. आपण काय पाहिले, कशावर किती वेळ थांबलो, कशाला दाद दिली, यांवरून यंत्र अंदाज बांधते आणि प्रत्येकासाठी निराळा क्रम लावते. एकाच बाकावर बसलेल्या दोघांना एकाच घटकेला दोन निराळी जगे दिसतात. फेसबुकने २०१७ पासून राग, हसू, आश्चर्य अशा भावनाखुणांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ साली बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून जगाला कळले. म्हणजे चार वर्षे कोट्यवधी लोक एका अशा तराजूवर तोलले जात होते, ज्याची वजने त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. येथे लेखकाला कारणही कळत नाही आणि दारही सापडत नाही. आगरकरांना वाद घालता आला, ढाल्यांना निषेध करता आला. आजच्या लेखकाने काय करावे?

याची जाणीव कायद्यालाही झाली आहे. भारतातील २०२१ च्या नियमांप्रमाणे, पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून एखादे लेखन काढले, तर लेखकाला कारणासह कळवावे आणि त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी, अशी तरतूद आहे. तथापि तिचा भर लेखन काढून टाकण्यावर आहे. गुपचूप मागे सरकवण्यावर नाही. युरोपीय संघाचा २०२२ चा कायदा एक पाऊल पुढे जातो. क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, हे सोप्या भाषेत सांगण्याचे बंधन तो घालतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की निकष उघड केले तर लबाड लोक त्यांना साजेसेच लिहितील. आक्षेपात तथ्य आहे. परंतु परीक्षेचा अभ्यासक्रम जाहीर असतो, म्हणून प्रश्नपत्रिका फुटली असे होत नाही. आपल्या भागातले गलाई कारागीर देशभर पसरले आहेत. भट्टीतले कसब त्यांनी स्वतःपाशी ठेवावे. पण सोन्याचा कस लावताना दगड दोघांच्या समोरच असायला हवा.

हे सर्व वाचून झाल्यावर मी गेल्या वर्षीचा गठ्ठा पुन्हा काढला. वाचलेल्या प्रत्येक कागदावर आम्ही चौघे खूण करीत होतो. त्या विद्यार्थ्याच्या कवितेवर एकही खूण नव्हती. ती नाकारली गेली नव्हती; ती वाचलीच गेली नव्हती! मी त्याला भेटून तसे सांगितले. तो काही बोलला नाही. पण यंदा त्याने पुन्हा कविता दिली आहे.

म्हणून माझ्या मित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे तीन सूचना ठेवतो. साहित्य मागवतानाच निवडीचे निकष फलकावर लावावेत. परत जाणाऱ्या प्रत्येक लेखनासोबत कारणाची दोन ओळींची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर वाचणाऱ्याची सही असावी. निर्णय न पटल्यास दुसऱ्या वाचकाकडे दाद मागता यावी. सर्वांचे सर्व लेखन छापावे, असे माझे म्हणणे नाही. 'साभार परत' म्हणण्याचा संपादकाचा अधिकार मला मान्य आहे. परंतु आधी वाचले आहे, एवढे तरी त्या दोन शब्दांतून खरे ठरले पाहिजे.